वरचं पाणी

“किती वाचलंय?”

मुरारबाबांनी विचारलं आणि बोरू दौतीत बुडवला. वर पाहिलं नाही.

“मोजदाद अशी नाही ठेवली,” गजेंद्र म्हणाला.

मठाच्या ओसरीच्या पायरीवर बसलेल्या कुंदानं डब्याची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मोजदाद त्याच्या खांद्यावरच्या शबनममध्येच होती. लाल पुठ्ठ्याची वही. पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख, एका ओळीत अभिप्राय. त्यांच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि एवढ्यात त्या वहीत एकसष्ट पुस्तकांची भर पडली होती. प्रत्येक आकडा तिला जेवताना कळत असे.

“अंदाजे?”

“अकराशे त्रेचाळीस.”

बाबांनी एक ओळ पुरी केली. मग दुसरी.

“आणि लिहिलंय किती?”

गजेंद्रनं शेजारच्या पोत्यावर हात ठेवला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं.

पोत्यात नऊ वह्या होत्या. एका कोरड्या पडलेल्या नदीवरची दीर्घकविता. ती सहा वर्षांपूर्वी सुरू झाली आणि बाविसाव्या पानावर थांबली. एक कादंबरी, तिचा नायक तीन वर्षं एका दारापुढे कडी वाजवायला हात उचलून उभा होता. एक नाटक, पहिल्याच अंकापुरतं. एक कवितासंग्रह, त्याचं शीर्षक ठरलं होतं, मुखपृष्ठाचा रंग ठरला होता आणि अर्पणपत्रिका लिहून तयार होती. ‘माझ्या एकांतास.’ लग्नानंतर त्यानं ती बदलली नव्हती. कुंदानंही विषय काढला नव्हता.

“बाबा, शहरातले एक प्रकाशक दीर्घकविता छापायला तयार आहेत. दोन दिवाळ्या थांबले. तिसरीला थांबणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर, मीही नाही थांबणार. इथून एकतर हे पोतं सुटेल, नाहीतर तुमच्या नदीत जाईल. मग मी या वाटेला परत जाणार नाही.”

हे तो घरीही म्हणाला होता, आमटीत भात कालवताना. कुंदाचा विश्वास बसला, कारण दुसऱ्या दिवशी तो स्वतः दुकानात जाऊन सुतळी घेऊन आला. एरवी घरातलं मीठ संपलं तरी त्याला चौथ्या दिवशी कळायचं.

“बाबा, माझं अडतं कुठं, एवढंच विचारायचंय.”

“अक्षर कसं आहे?”

“माझं? कवितेतलं?”

“हातातलं.”

“… बरं आहे.”

“मग बस इथं.”

बाबांनी आपल्या पुढ्यातली उतरती लाकडी पाटी त्याच्याकडे सरकवली.

त्या मठात जुन्या पोथ्या होत्या. कागद माणसासारखाच म्हातारा होतो. कडा झडतात, मधली घडी तुटते. असा कागद झाला की पोथी हातानं पुन्हा उतरवायची, अशी तिथली रीत. छापखान्यात द्यायची नाही. बाबा बावन्न वर्षं हेच करत आले होते. नियम एकच होता, जुन्यात असेल ते नव्यात. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको. चूक झालीच तर तिच्यावर काडीनं हरताळाची रेघ ओढायची. हरताळ म्हणजे एक पिवळा दगड. तो खलायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा. वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचं.

“हात धुतल्याबिगर काही खायचं नाही,” बाबा म्हणाले. “ते विष आहे.”

“बाबा, मी नक्कल करायला नाही आलो.”

“हाव. माहीत आहे.”

कुंदाला वाटलं, आता हा उठेल. पण परतीची बस चारची होती, आणि मठात सावली काय ती ओसरीवरच. गजेंद्रनं बोरू घेतला.

पोथीतलं ते पान लहान होतं. एक वाटसरू उन्हातून गावात येतो. कुणी ओट्यावर बसू देत नाही. शेवटच्या घरातली एक बाई उठते, पाणी देते. तो पितो आणि जातो. एवढीच गोष्ट.

कुंदा विहिरीवर गेली. घागर भरून आणली, लोटा भरला. सवयीनं लोट्यातलं वरचं थोडं पायरीखाली ओतलं आणि लोटा बाबांना दिला. पुन्हा भरला, पुन्हा वरचं ओतलं, गजेंद्रपुढे धरला. तो प्याला. डोळे पानावरच.

तिच्या माहेरी फाल्गुनापासून टँकरचं पाणी. टँकरवाला डिझेलचा कॅन मागं पाण्याच्या झाकणाजवळच ठेवायचा. भांड्यात पाणी निवळलं की वर डिझेलचा तवंग यायचा, उन्हात निळा-जांभळा चमकायचा. वरचं ओतलं की खालचं पिण्याजोगं. सासरी नळ होता, इथं विहीर होती. पण ते तिच्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

ऊन ओसरीवर चढलं तेव्हा गजेंद्रचं पान झालं. बाबांनी जुनं पान डाव्या मांडीवर घेतलं, नवं उजव्या मांडीवर. दोन्हींवर एकेक बोट ठेवून वाचत गेले.

“सात.”

“सात काय?”

“इथं ‘ऊन लागलें’ आहे. तू ‘ऊन टोचलें’ लिहिलं.”

गजेंद्रनं वाकून पाहिलं. मग हसला.

“हां. ते जास्त जिवंत आहे ना, बाबा. लागलें म्हणजे काय, सगळ्यांनाच लागतं.”

“कुठून आलं?”

त्याला आठवायला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. कोकणातल्या एका कवीचा पहिला संग्रह, डावीकडचं पान, वरून तिसरी ओळ. आठवीत असताना वाचलेला.

बाबांनी ‘टोचलें’वर हरताळ ओढला.

पुढची चूक एका प्रवासवर्णनातली निघाली. त्यापुढची एका रशियन कादंबरीच्या भाषांतरातली, आणि भाषांतरकार जेलमध्ये असताना त्यानं ते केलं होतं हेही गजेंद्रनं सांगितलं. सातही चुकांचं मूळ त्यानं दाखवलं. दाखवता दाखवता त्याचा चेहरा खुलत गेला. इकडे पान पिवळं होत गेलं.

“चांगलंच लक्षात राहतं तुझ्या,” बाबा म्हणाले. “उद्या दुसऱ्या कागदावर लिही.”

चारची बस गेली. मठानं त्यांना आलेल्या भक्तांसाठीच्या खोल्यांतली एक खोली दिली. सतरंजी झटकताना गजेंद्र म्हणाला, “बाबांना माझं वाचन पटलेलं दिसतंय.”

“हो का?” कुंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हरताळ खलत बसली. बाबा पलीकडे पानांच्या कडा कापत होते. गजेंद्र अजून दात घासत होता आणि दात घासता घासता वाचत होता.

“माय, तू वाचतेस का काही?”

“यांची पुस्तकं असतात घरात.”

“त्यातलं काय आवडलं?”

कुंदानं थोडा विचार केला.

“हे पानं दुमडून ठेवतात, बाबा. मी ती सरळ करते. तेवढ्यात जे दिसतं ते वाचते.”

“मग तर बरंच झालं असेल.”

“अकराशे नाही,” कुंदा म्हणाली.

बाबांची कात्री जरा थांबली. मग चालू झाली.

त्या दिवशी गजेंद्रनं जपून लिहिलं. तीन चुका. पहिल्या दोन त्यानं कालसारख्याच ओळखल्या, फक्त आवाज कालच्याइतका मोठा नव्हता. तिसरीशी आल्यावर मात्र तो ताठ बसला.

“ही माझी आहे.”

पोथीत होतं, ‘वाट सरेना.’ त्यानं लिहिलं होतं, ‘वाट पायांत गुंडाळली.’

“तुझी?”

“माझीच. दीर्घकवितेतली. चौथ्या पानावर आहे, पोत्यात. प्रकाशकांनी ही ओळ ऐकूनच होकार दिला होता. बाबा, ही राहू दे असं नाही म्हणत मी. पण ही माझी आहे, एवढं…”

बाबा हरताळाची काडी हातात धरून बसून होते. ओसरीखाली एक चिमणी कालचं सांडलेलं पाणी होतं त्या जागेवर चोच मारून पाहत होती.

“नाही,” गजेंद्र म्हणाला.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“एक जुनं मासिक होतं. मामांकडे, माळ्यावर. कुठल्यातरी बाईंची कविता होती. नावसुद्धा आठवत नाही त्यांचं. पाय नव्हते त्यात, चाकं होती. मी फक्त पाय केले.”

बाबांनी ओळीवर हरताळ ओढला.

गजेंद्र उठला. पोतं खांद्यावर घेतलं. “मग यात माझं काय आहे?” हे त्यानं कुणाला विचारलं ते कळलं नाही. अंगण ओलांडून, बाभळींच्या मधून तो नदीच्या पायवाटेला लागला.

कुंदा उभी राहिली. बाबांकडे पाहिलं. ते पान वाळवत होते.

तिला मागं जावंसं वाटलं, आणि जाऊन काय बोलायचं ते सुचलं नाही. त्या नऊ वह्यांमध्ये ती कुठंच नव्हती. तिनं एकदा सगळ्या चाळून पाहिल्या होत्या. तरी तो खांदा एका बाजूला झुकलेला पाहून ती पायरी उतरली. सहा वर्षं एखादा माणूस एकाच नदीपाशी जातो आणि रिकाम्या हातानं येतो, हे तिनं चारच महिने पाहिलं होतं, पण रोज पाहिलं होतं.

अर्ध्या तासानं तो परत आला. पोतं खांद्यावरच होतं. चपलांना रेती.

“पाणी नाही नदीला,” तो म्हणाला.

“चैत आहे,” बाबा म्हणाले.

पोतं त्यानं खांबाला टेकवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. कुंदानं लोटा भरून आणला. वरचं ओतलं. त्यानं लोटा घेतला, सगळा प्याला, आणि तिच्या हातात न देता खाली ठेवला.

“उद्या शेवटचं पान,” बाबा म्हणाले. “मग जा.”

तिसऱ्या दिवशी गजेंद्रनं शबनम खोलीतच ठेवली. जुन्या पानावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लिहीत गेला, पहिलीतल्या पोरानं अ गिरवावा तसा. जुनं पान तेच होतं. बाबांनी तिन्ही दिवस त्याला तेच पान दिलं होतं. आता त्याला ते पाठ होतं. एका तासाचं काम त्यानं तीन तास केलं.

“आज नाही,” पान देताना तो म्हणाला. “आज एकही चूक नाही, बाबा. पाहा तुम्ही.”

बाबांची दोन बोटं दोन पानांवरून चालली. वाटसरू आला. ऊन लागलें, बरोबर. ओटे सरले, बरोबर. बाई उठिली. लोटा भरिला.

उजवं बोट थांबलं. डावं पुढं गेलं, मागं आलं.

“एक.”

“शक्य नाही.”

बाबांनी पान त्याच्याकडे फिरवलं. कुंदा उन्हात वाळत घातलेलं धोतर काढून आणत होती. जाता जाता तिनं वाचलं.

पोथीत होतं: बाई उठिली. लोटा भरिला. वाटसरूस दिधला.

गजेंद्रच्या अक्षरात होतं: बाई उठिली. लोटा भरिला. वरचें थोडें ओतिलें. वाटसरूस दिधला.

कुंदानं धोतराची घडी घातली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

“हे मी लिहिलं?” गजेंद्र म्हणाला.

अक्षर त्याचंच होतं.

“कुठून आलं?” बाबांनी विचारलं.

त्यानं डोळे मिटले. उघडले. खोलीत जाऊन लाल वही घेऊन आला. पहिल्या पानापासून बोट फिरवू लागला. ओसरीच्या खांबाची सावली पायरीवर होती ती उतरून अंगणात गेली. मध्येच त्याचं बोट थांबे, ओठ हलत, मग मान हले. नाही. कुंदा समोर बसून शेंगा सोलत होती. सांगावं की नाही, याचा तिनं चार शेंगांएवढा विचार केला. तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि अकराशे त्रेचाळीस पुस्तकांत तो आपल्याला कुठकुठं शोधतो, तेही तिला बघायचं होतं.

वही संपली.

“बाबा,” गजेंद्र म्हणाला, “हे पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. किंवा आलं असेल तर नोंदायचं राहिलंय. तुम्हांला ठाऊक असणार. नाव सांगा, मी कुठूनही मिळवतो.”

“माय,” बाबा म्हणाले, “तहान लागली.”

कुंदा उठली. मांडीवरची फोलपटं झटकली. घागरीपाशी जाऊन लोटा भरला. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते, ते गजेंद्रकडे पाहत होते. आणि गजेंद्र, दुसरीकडे पाहायला काही उरलं नव्हतं म्हणून, लोट्याकडे पाहत होता.

ओतू नये, असं तिला वाटलं. हात तिला न विचारता तिरका झाला.

पाण्याची धार पायरीखाली पडली. तिथं मातीला तीन दिवसांत एक लहानसा खळगा पडला होता. बोटभर खोल.

लाल वही गजेंद्रच्या मांडीवरून घसरली. त्यानं ती उचलली नाही.

बाबा पाणी प्याले. लोटा पालथा घातला. हरताळाची काडी घेतली.

“बाबा, नको. तेवढी राहू द्या.”

“पोथीत नाही ती.”

“पण ती माझी आहे.”

“हाव, तुझी आहे,” बाबा म्हणाले. “म्हणून.”

पिवळी रेघ ओळीवरून गेली.

गजेंद्र पोत्यावर वाकला. सुतळीची गाठ त्यानंच मारली होती आणि ती त्यालाच सुटेना. शेवटी दातांनी सोडली. दीर्घकवितेची वही काढली, बाविसावं पान उघडलं, मांडीवर ठेवून सारखं केलं. बाबांचा बोरू न विचारता घेतला.

“कळलं मला,” तो म्हणाला. “सहा वर्षं मी कोरड्या नदीशी उभा आहे, बाबा, आणि नदीला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे. पहिला घोट भुईचा. माणसाच्या तहानेआधी मातीची तहान. ती बाई मातीला आधी पाजते… इथून पुढं जाते कविता. इथूनच जाते.”

कुंदानं पदर ओठांवर धरला आणि विहिरीकडे पाहिलं. तिच्या नाकात डिझेलचा वास आला.

“असं ती म्हणाली?” बाबांनी विचारलं.

“कोण?”

“ओतणारी.”

“नाही.”

“विचारलं?”

बोरूच्या टोकाशी शाईचा थेंब जमला, लोंबला, बाविसाव्या पानावर पडला. गजेंद्रनं तो टिपला नाही. त्यानं मान वर केली आणि कुंदाकडे पाहिलं. चार महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच, त्याचं बोट कुठल्या पानात अडकलेलं नव्हतं.

कुंदानं ओठांवरचा पदर खाली सोडला.

बाबांनी त्याच्या बोटांतून बोरू काढून घेतला. धोतराच्या सोग्याला पुसला.

“दौत झाक,” ते म्हणाले. “आधी ते पुस्तक वाचून ये.”